चढावरचा दुसरा गिअर

हिंमतरावांनी गाडीचा गिअरबॉक्स दुरुस्त करून घेतला असता तर त्यांच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी मांडून घेतो. म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की तुळशीरामानं एकाच बाजूचं सांगितलं.

एक तर गाडी गावात शिरली की बैल दावं तोडायला बघत, ते थांबलं असतं. शाळेत पाढे चालू असले तर पोरं पाढे सोडून गाडीच्या सुरात सूर लावत, तेही थांबलं असतं. गाडीत बसलेल्या माणसांना एकमेकांशी बोलता आलं असतं. आम्ही तर उंद्रीत बसायचो आणि जे बोलायचं ते चिखलीत उतरून बोलायचो. कडूबा मिस्त्रीनं आणखी एक फायदा दाखवला होता, की उद्या गाडी विकायला काढलीच तर घेणारा निदान ऐकून पळणार नाही. आणि सगळ्यात मोठा फायदा अब्रूचा. आख्ख्या उंद्रीत मोटार असलेला एकच माणूस, आणि त्याची मोटार अशी की ती दिसायच्या आधीच बायका तोंडाला पदर लावायच्या. धुळीसाठी नव्हे, हसू लपवायला.

एवढा माल दारात येऊन पडत असताना माणूस 'नको' म्हणतो, तेव्हा समजावं की त्याचं दुकान दुसरीकडे कुठेतरी चाललेलं आहे. मला ते समजायला उशीर लागला, कारण त्या गाडीत माझाही फायदा होता. माझी वांगी तिच्या डिकीतून फुकट बाजारात जायची. ज्याची वांगी फुकट जातात तो गाडीच्या मालकाला फार प्रश्न विचारत नाही.

गाडी विलायती, जुनी. खामगावच्या कुठल्याशा कापसाच्या जिनातला साहेब देश सोडून गेला तेव्हा ती मागे राहिली आणि हातोहात फिरत हिंमतरावांच्या गोठ्यात आली. नाव सांगणारी पट्टी वाटेतच कुठे गळून पडली होती, त्यामुळे तिची जात कोणालाच माहीत नव्हती. तेव्हा महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. सडकेवरचे मैलांचे दगड उपटून किलोमीटरचे लावत होते, आणि रातोरात सगळी गावं लांब गेल्यासारखी वाटत होती. गाडी मात्र होती तिथेच होती. इंजिन चांगलं, सांगाडा चांगला. दुखणं एकच, गिअरबॉक्सचं. वरच्या गिअरांत ती नुसती घुमायची, पण तेवढ्यातही शेजारच्याचं बोलणं बुडायचं. दुसरा गिअर टाकला की मात्र असा काही आवाज काढायची, की एखादी म्हैस विहिरीत पडली आहे आणि वरून सगळा गाव तिला सल्ला देतो आहे.

चिखलीत कडूबाच्या दुकानापुढे एकदा तिची तपासणी झाली. कडूबानं गाडीखालून तोंड बाहेर काढलं.

"मालक, दुसऱ्याचे दाते पार झिजले. बेरिंग बी गेलं. खोलतो म्हना, नवं करून देतो. माही जबान."

"तुही जबान मांगं पंख्याच्या पट्ट्याले दिली होती," हिंमतराव म्हणाले. "पट्टा चिखली सोडाच्या आत तुटला."

"तो पट्टा वेगळा. हे गिअरबॉक्स हाय. एखाद्या दिवशी चढावर फसन, ना पुढं जाईन ना मांगं. मंग बैल जुपा."

"पाहू."

"दोन सालांपासून पाहूनच राह्यले तुमी."

"गाडी चालते ना बे?"

"चालते त हाय. पन रडत चालते."

"रडू दे," असं म्हणून हिंमतराव गाडीत बसले, आणि मी माझ्या वांग्यांजवळ बसलो.

हा माणूस कंजूष असता तर मी हिशेब तिथेच मिटवला असता. पण हिंमतराव कंजूष नव्हते. गोठ्याला नवी दारं करायची म्हणून अंगणातला उभा कडुलिंब तोडून त्यांनी फळ्या कापायला लावल्या होत्या. बैलांना फुलांच्या झुली होत्या. पैसा होता, मिस्त्री पाया पडत होता, आणि तरी 'पाहू'.

मग मी पाहायला लागलो.

पहिली गोष्ट दिसली ती मिरचीची. हिंमतरावांची मिरची चांगली, आणि मिरचीला आमच्या भागात चिखलीसारखा बाजार नाही. पण हा गृहस्थ चिखली मागे टाकायचा, मेहकर मागे टाकायचा, आणि पार तिकडे डोणगावच्या बाजारात मिरची विकायचा. तिथे भाव कमी. विचारलं तर म्हणायचे, "डोणगावचे लोक तिखट खातात." जसं काही चिखलीचे लोक गूळ खाऊन जगतात.

दुसरी गोष्ट दिसली ती डोणगावच्या अलीकडच्या चढावर. चढ फार मोठा नाही. जरा वेग घेऊन आलं तर गाडी तिसऱ्या गिअरात सहज निघते. रोजची एस.टी. तशीच निघायची. हिंमतराव मात्र पायथ्याशी आले की गाडी हळू करत, दांडा मागे ओढून दुसरा गिअर टाकत, आणि मग ती म्हैस जी ओरडायला लागे ती माथ्यापर्यंत. पक्का गाडीवाला माणूस, ज्याला झिजलेला दाता माहीत आहे, तो नेमका त्याच दात्यावर चढ का चढवतो? दुखऱ्या पायावर मुद्दाम कोणी उड्या मारतं का?

तिसरी गोष्ट माथ्यावर दिसली. तिथे सडकेला लागून एक मळा आहे, आणि मळ्याच्या बांधावर दर बाजारच्या दिवशी एक तरणी बाई उभी असायची. डोक्यावर पदर, हातात सांभाराची जुडी. पुण्याकडचे लोक त्याला कोथिंबीर म्हणतात. ती हात हलवायची नाही. हाक मारायची नाही. नुसती उभी असायची. हिंमतरावही थांबायचे नाहीत. खिडकीतून डोकं बाहेर काढायचे, आणि मळा संपला की आत घ्यायचे. मग बराच वेळ त्यांना गिअर बदलायचं सुचत नसे.

ती विमल. हिंमतरावांची एकुलती एक लेक.

आता मागचं सांगितलं पाहिजे. विमलचं लग्न त्या मळ्याच्या घरात झालं. सासरे वामनराव, सासू जनकाबाई. लग्न उंद्रीला लागलं आणि नवरानवरीला डोणगावला पोचवायला हिंमतरावांनी स्वतःची मोटार काढली. मोठ्या हौसेनं, टपाला फुलांच्या माळा बांधून. गाडी ओरडत ओरडत व्याह्यांच्या दारात जाऊन उभी राहिली तेव्हा अर्धं डोणगाव गोळा झालेलं. वामनराव म्हणजे थट्टेखोर माणूस. चार माणसं ऐकायला असली की त्यांची जीभ मोकळी सुटते. ते म्हणाले,

"हिंमतराव, हे मोटार हाय का पिठाची गिरनी? जवारीचं पोतं आनू का? सून बी उतरन आन् दळन बी होईन!"

लोक हसले. एवढंच झालं. पण त्या दिवशी सकाळपासून लेक जाणार म्हणून या माणसाचा गळा भरून आला होता, आणि भरलेल्या गळ्याला हसू सोसत नाही. विमल उंबऱ्यावर उभी, मापटं ओलांडायचं अजून राहिलेलं, आणि हिंमतरावांनी सगळ्यांच्या देखत मिशीला हात घातला.

"या गाडीचा आवाज तुमच्या दारात पुन्हा येनार नाही, वामनराव. आला त मिशी उतरून देईन."

आणि गाडी वळवून उंद्रीला परत. जेवले नाहीत की पाणी घेतलं नाही.

वामनरावही कमी नव्हते. म्हणाले, बाप न्यायला येईल तेव्हा लेक माहेरी जाईल, आम्ही काही टपालानं पाठवत नाही. विमलला भाऊ नाही, म्हणजे तिला आणायला दुसरा कोणी मुराळी जायला नाही. पहिली आखाजी गेली, म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी यायचा सण. दिवाळी गेली. दुसरी आखाजी गेली. विमल माहेरी आली नाही. बाप गेला नाही. फक्त डोणगावच्या लोकांना मिरची स्वस्त मिळायला लागली.

एकदा हिशेबाच्या वह्या न उघडता मी सरळच विचारलं, "दादा, दारात जात नाही, मंग बांधापर्यंत कसं चालते?"

"सडक सरकारची हाय," हिंमतराव म्हणाले. "सडकेनं कोनीही जाते."

यावर कोर्टातल्या वकिलालाही काही बोलता आलं नसतं. पण घरात वकिलापेक्षा वरचं माणूस होतं. कौशल्याबाई, विमलची आई.

कौशल्याबाईंना मात्र या सगळ्यातून काय मिळत होतं? बाजारच्या दिवशी नवरा परत आला की ओसरीवर पाण्याचा तांब्या आणि एक बातमी. ती बातमी मी कितीदा ऐकली असेन.

"दिसली?"

"दिसली."

"कोनतं लुगडं होतं?"

"हिरवं."

"आपलं दिलेलं का त्यायचं?"

"मले काय मालूम. हिरवं होतं."

"वाळली का?"

"गाडीतून काय दिसते? उभी होती. हातात सांभार होता."

कौशल्याबाई तेवढ्यावर आठवडा काढायच्या. हिरवं लुगडं आणि सांभाराची जुडी. भाकरी थापताना मध्येच थांबून त्या मला म्हणायच्या, "भाऊजी, दर बाजारी सांभारच कसा असते हो तिच्या हातात? एवढा सांभार खातात का ते लोक?" मी म्हणायचो, "तिखट खातात, वहिनी, म्हनून सांभार लागते." त्या हसायच्या नाहीत.

मी एकदा त्यांना म्हटलं, तुम्हीच का नाही येत गाडीत, तुम्हालाही दिसेल.

"मले तसं पाहाता येनार नाही, भाऊजी. चालत्या गाडीतून पोर पाहाची आन् पुढं निघून जाचं, हे बापाले जमते. मी उतरन. आन् मी उतरली का तुमच्या दादाची शपथ तुटन. म्हनून येत नाही."

म्हणजे बघा, नवऱ्याची मिशी राखायला ही बाई दोन वर्षं घरात बसली होती, आणि हे नवऱ्याला माहीतही नव्हतं.

त्या वर्षी आखाजी जवळ आली तशी कौशल्याबाईंनी गिअरबॉक्सचा विषय घरात काढला. मी मिरचीची पोती शिवत बसलो होतो, हिंमतराव पान लावत होते.

"गाडी दुरुस्त करा."

"काऊन? तुले कुठं जाचं हाय?"

"डोणगावले."

हिंमतरावांचा हात चुन्यातच राहिला. "शपथ घेतली हाय म्या."

"काय घेतली? पुन्हा सांगा, कसे म्हनले होते तुमी?"

"गाडीचा आवाज त्यायच्या दारात येनार नाही म्हनलो."

"आवाज," कौशल्याबाई म्हणाल्या. "मानूस येनार नाही, असं म्हनले का? बायको येनार नाही म्हनले? तुमी म्हनले आवाज. आन् आवाजच त जाऊन राह्यला दर बाजारी, थेट त्यायच्या चुलीपर्यंत. मानूस तेवढा जात नाही. जे धाडाचं नव्हतं ते धाडता, आन् जे धाडाचं ते ठेवता घरी. उलटं करून बसले तुमी! गिअर दुरुस्त करा, आवाज बंद करा, आन् खुशाल दारात गाडी लावा. तुमची मिशी जागच्या जागी राहीन."

मी सुई थांबवली. इतका सरळ हिशेब मी चिखलीच्या अडत्याकडेही पाहिला नव्हता.

हिंमतरावांनी चुन्याचं बोट पानालाच पुसलं. मग हळू म्हणाले, "आन् त्यायनं दारातून परत लावलं त?"

हे खरं होतं. मिशी वगैरे वरचं झाकण होतं. आतली भीती ही. आज हातात एक गोष्ट नक्की होती. दुसरा गिअर टाकला की लेक बांधावर येते. थोडी का होईना, पण चुकत नाही. आवाज बंद केला तर ती बाहेर यायची नाही, कारण तिला कळणारच नाही. मग दारातच जावं लागणार. आणि दारात गेल्यावर वामनराव पुन्हा हसले, किंवा नुसतं 'बसा'ही म्हणाले नाहीत, तर? दारही गेलं आणि बांधही गेला.

"मले जेवढी दिसते तेवढी दिसू दे," हिंमतराव म्हणाले. "गाडी दुरुस्त कराची नाही. विषय बंद."

"तुमाले दिसते," कौशल्याबाई म्हणाल्या, आणि आत गेल्या.

विषय बंद झाला असं फक्त हिंमतरावांना वाटलं.

आखाजीच्या आधीच्या बाजाराच्या आदल्या दिवशी कडूबा गाडीचं तेल बदलायला उंद्रीला आला. हिंमतराव शेतात होते. मी गोठ्याच्या दाराशी वांगी निवडत होतो, त्यामुळे पुढचं माझ्या कानांवर पडलं. कान काही मी झाकून बसलो नव्हतो.

"कडूबा, एक काम हाय," कौशल्याबाई म्हणाल्या. "उद्याच्या दिवसापुरता हिचा आवाज बंद पाह्यजे. दुरुस्त नोको करू. नुसता बंद कर."

कडूबानं इकडं तिकडं पाहिलं. "वहिनी, तसं एक औषध हाय. पन ते खोट्या लोकायचं औषध हाय. गाडी गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधाची असते ना, तवा गिअरच्या तेलात लाकडाचा भुसा टाकतात. भुसा दात्यायमंदी बसते, एक फेरी गाडी गुपचाप चालते."

"आन् मंग?"

"मंग तो भुसा जमते, तेल अडते, आन् गिअरबॉक्स जे काई उरलं असन ते बी जाते. मंग मले बोलाचं नाही."

"मी बोलनार नाही," कौशल्याबाई म्हणाल्या, आणि गोठ्याच्या नव्या दारांच्या फळ्या कापून जो भुसा कोपऱ्यात पडला होता, तो त्यांनी ओंजळीनं भरून कडूबाच्या पुढे केला.

दुसऱ्या दिवशी मिरची चढली, माझी वांगी चढली, आणि पुढच्या सीटवर कौशल्याबाई येऊन बसल्या. अंगावर जरीचं लुगडं, मांडीवर फडक्यात बांधलेली पुरणपोळ्यांची चवड.

"तू कुठं?" हिंमतराव म्हणाले.

"डोणगावच्या बाजारात मिरचीले काय भाव मिळते ते पाहाचं हाय एकदा."

हिंमतरावांनी दार ओढून घेतलं. त्यांनी गाडी सुरू केली, आणि दचकले. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. बैलांनी मान वर केली नाही. शाळेतून पाढे सरळ ऐकू आले.

"आवाज काऊन येत नाही बे, तुळशीराम?"

"नवं तेल हाय, दादा," मी म्हटलं. खोटं नव्हतं. तेल नवंच होतं.

चिखली गेली, मेहकर गेलं. पहिल्यांदाच त्या गाडीत बोलता येत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. डोणगावचा चढ आला. हिंमतरावांनी सवयीनं दांडा ओढला, दुसरा टाकला. गाडी गुपचूप चढत गेली. त्यांचा चेहरा मला आरशात दिसत होता. दुकानदारानं तागडी लावावी आणि काटा हलूच नये, तसा.

माथा आला. बांध मोकळा होता.

हिंमतरावांनी गाडी थांबवली. दोन वर्षांत पहिल्यांदा. बांधावर एक बगळा होता, तोही उडून गेला. हॉर्न होता, पण हॉर्न म्हणजे आवाज. हात पुढे गेला आणि परत आला.

"नाही आली," ते म्हणाले. मग बायकोकडे वळले. "तूच काईतरी केलं."

"म्या केलं," कौशल्याबाई म्हणाल्या. "आता दोनच रस्ते हायत. एक त असंच पुढं जा आन् मिरची विका. मी इथं बसून राहीन या दगडावर. नाहीतर गाडी आत घ्या. आवाज नाही तिले. तुमी कबूल केलं तसंच होऊन राह्यलं. आता तुमाले अडवते ते शपथ नाही, दुसरं काईतरी हाय. ते काय हाय ते तुमचं तुमाले मालूम."

हिंमतरावांनी कपाळाचा घाम पुसला. एकदा त्या मोकळ्या बांधाकडे पाहिलं. मग चाक वळवलं आणि गाडी मळ्याच्या वाटेला घातली.

दारात जनकाबाई मिरच्या निवडत बसल्या होत्या. आमच्याच मिरच्या, मी रंगावरून ओळखल्या. गाडी पुढ्यात येऊन उभी राहीपर्यंत त्यांना कळलं नाही. कळलं तशा सूप टाकून उठल्या.

"अगं बाई! आन् मी म्हनलं आज गाडी वाजली नाही, आज काई येत नाहीत. चहा बी मांडला नाही म्या! विमल, ए विमल, सांभार राहू दे आता, पाह्य कोन आलं!"

हिंमतराव गाडीतून उतरता उतरता थांबले. "म्हंजे... तुमाले मालूम होतं?"

"भाऊ, आख्ख्या डोणगावले मालूम होतं. तुमची गाडी काय लपाची हाय? चढाखाली वाजली का मी चहा मांडो, आन् हिले म्हनो, जाय, बांधावरचा सांभार घेऊन ये. वाटे, आज तरी वळतीन आत. घरात सांभार वाळून चाल्ला, ढोरायले टाकला, पन दर बाजारी धाडला मी हिले. चहा मातर दर बाजारी मलेच प्या लागे."

कौशल्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सांभाराचं कोडं सुटलं होतं. एवढा सांभार ते लोक खात नव्हते.

विमल विहिरीकडून पळत आली. हात ओले होते. आईजवळ आली आणि एकदम उभीच राहिली, जसं आता काय करायचं ते विसरली असावी. कौशल्याबाईंनी तिचा हात धरला, मनगट आपल्या दोन बोटांत धरून पाहिलं, बांगड्या वर सरकवून पाहिल्या. "वाळली," म्हणाल्या. बस एवढंच. मग त्यांनी तो हात सोडला नाही. पुरणपोळ्यांचं फडकंसुद्धा एकाच हातानं सोडलं.

"बाबा, गाडीले काय झालं?" विमल म्हणाली. "मी कान लावून होती. आवाजच नाही आला."

तेवढ्यात वामनराव आतून आले. हिंमतरावांची मान ताठ झाली. मी मनात म्हटलं, आता पाहू, भाव उठतो की पडतो. वामनराव व्याह्याकडे न येता आधी गाडीकडे गेले. तिच्याभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला, आजारी जनावरावर ठेवतात तसा.

"हिंमतराव, हिचा आवाज काऊन बंद केला हो?" तोंड खरंच उतरलं होतं. "बाजाराच्या दिवशी हे वाजल्याबिगर मले बाजारासारखं वाटत नाही. त्या दिवशी मी गिरनी म्हनलो... आता गिरनी त गिरनी. सवय पडली राजेहो."

माफी म्हणून एवढीच मिळाली. वजनात ती पुरी भरली नसती. पण हिंमतरावांनी काटा पाहिला नाही. ते ओसरीवर बसले आणि म्हणाले, "चहा आना. मूठभर जास्तच साखर घाला."

आखाजीला विमलला न्यायचं ठरलं. सगळं इतक्या सहज झालं की दोन वर्षं कशासाठी गेली ते कोणाच्याच लक्षात येईना. निघताना मात्र गाडी वाटेवर आली आणि तिच्या पोटातून खर्र असा आवाज झाला. मग म्हैस ओरडली, कधी ओरडली नव्हती अशी, आणि गप्प झाली. दांडा हलेना. ना पुढे, ना मागे. वामनरावांनी बैल जुंपले आणि ओढून ती पुन्हा आपल्याच दारात आणून उभी केली.

कडूबानं नंतर जाऊन झाकण खोललं. हिंमतरावांनी तेलात दोन बोटं घालून लगदा काढला, चोळला, वास घेतला.

"लिंब हाय," ते म्हणाले. "आपल्या अंगनातला."

कडूबा आभाळाकडे पाहत होता. मी माझ्या चपलेकडे पाहत होतो. हिंमतराव पुढे काही बोलले नाहीत, आणि घरी जाऊनही बोलले नाहीत. आता सगळेच दाते गेले होते, आणि बिननावाच्या गाडीचे तेवढे दाते मिळत नव्हते. मिळवायला कोणी गेलंही नाही. गाडी वामनरावांच्या दारात लिंबोणीखाली राहिली. तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात असं ऐकतो.

आता शेवटची बेरीज.

वामनरावांना त्यांची थट्टा परत मिळाली, आणि ती ऐकायला दारात मोटारही. जनकाबाईंचा एकटीचा चहा सुटला. हिंमतरावांची मिशी राहिली. कौशल्याबाईंना लेकीचा हात मिळाला, आखाजीला दहा दिवस, दिवाळीला आठ. माझी वांगी आता एस.टी.च्या टपावर तिकीट काढून जातात, पण ते मी धरत नाही. गाडी गेली असं लोक म्हणतात, पण ती तशीही जाणारच होती.

मी धरतो ते वेगळं. भांडण होतं तोवर हिंमतराव दर बाजारी डोणगावला जात. आता गोडी झाली. गोडीतला व्याही बोलावल्याशिवाय जात नाही, रिकाम्या हातानं जात नाही, सणाशिवाय जात नाही. नाहीतर लोक म्हणतील लेकीच्या घरी येऊन बसतो. आणि गाडी नाही, म्हणून मिरचीलाही आता चिखलीचाच भाव बरा वाटतो. दर बाजारचा बाप गेला आणि सणासुदीचा बाप मिळाला.

दिवाळीला विमल आली तेव्हा मी विचारलं, "आता त बरं हाय ना, बाई?"

"बरं हाय, काका," ती म्हणाली. "पन बाबा लय दूर गेले हो."

जनकाबाईंनी मागे सांगितलं, बाजारच्या दिवशी एखादी मोटार, एखादा ट्रक चढावर दुसऱ्या गिअरात ओरडला की विमल अजूनही हातातलं काम ठेवून उठते. आता तिला कोणी धाडत नाही. बांधावर जाते, गाडी निघून जाईपर्यंत उभी राहते, आणि येताना सांभाराची जुडी घेऊन येते. ती घरात कोणालाच नको असते.

सगळ्यांची भरपाई झाली, ती तिच्या खात्यातून.